थांबलेली रेघ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्राआधी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

सूत्रसंचालकांनी माझी ओळख फारच भारदस्त करून दिली. या शाळेपुरती माझी खरी ओळख एवढीच, की मी १९८६ च्या दहावी 'ब' ची, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरची, प्रार्थनेला उशिरा आल्याबद्दल मैदानाला फेऱ्या मारणारी मुलगी. आज मेळाव्यालाही मी दहा मिनिटं उशिराच पोचले. मैदान तेच होतं, पण फेरी मारायला कुणी सांगितलं नाही, याचं थोडं वाईटच वाटलं.

संघाने पत्रातून मला विषय दिला होता 'विज्ञान आणि जीवन'. एवढ्या मोठ्या विषयाला पंचवीस मिनिटं! म्हणून मी त्यातला माझ्या कामाचा एक लहानसा तुकडा घेते. तीस वर्षं मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आहे, आणि त्यातला बराचसा वेळ एकच गोष्ट बघण्यात गेला: जिवाणूंचं अन्न बदललं, की ते आपल्या आत काय काय बदलतात. त्यातून मला जे समजलं, त्याचा आपल्या संघाच्या एका कागदाशी संबंध आहे. तो कागद माझ्या पर्समध्ये आहे. शेवटी काढेन.

सुरुवात घरातूनच करू. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे दही लागायला फार वेळ लागायचा. आजी रात्री विरजण लावून पातेलं चुलीशेजारी गुंडाळून ठेवायची आणि मी दर थोड्या वेळाने झाकण उघडून बघायचे. बोटसुद्धा घालायचे. आजी ओरडायची, "अगं, त्याला त्याचं काम करू दे की! तू बघितल्याने दही लागणार आहे का?"

ते 'त्याचं काम' म्हणजे काय, हे मला कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. विरजणातले जिवाणू आंबट, गार दह्यात बसलेले असतात. तिथून ते एकदम कोमट, गोड दुधात येतात. थंडीमुळे सगळंच हळू चालतं, हे उशिराचं एक कारण. दुसरं कारण असं, की नव्या जागी आल्याआल्या जिवाणू वाढायला लागतच नाहीत. आधी त्यांना आतली मांडणी बदलावी लागते. त्या वेळात बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. दूध दूधच असतं.

आता आपण स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत जाऊ. तिथला आमचा लाडका जिवाणू वेगळा: ई. कोलाय. आपल्या आतड्यात राहतो, लांबी मिलिमीटरचा जेमतेम पाचशेवा भाग. खाणंपिणं उत्तम असेल तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. त्याची वाढ मोजायची रीत अगदी सोपी आहे. नितळ द्रवात जिवाणू वाढले, की द्रव गढूळ होतो. किती गढूळ झाला ते दर काही मिनिटांनी मोजायचं आणि आलेख काढायचा. रेघ चढली, की वाढ चालू. रेघ आडवी, की वाढ थांबलेली.

१९४० सालचं पॅरिस. शहर जर्मन फौजांच्या ताब्यात होतं. सॉर्बॉनमध्ये झाक मोनो नावाचा तिशीतला तरुण पीएच. डी.साठी असेच आलेख काढत होता. जिवाणूंना एका साखरेऐवजी दोन साखरा एकत्र दिल्या तर काय होतं, हे तो पाहत होता. आपण ग्लुकोज आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, यांची जोडी घेऊ. मला विचाराल तर दोन्ही एकदम खातील असं वाटेल. पण तसं होत नाही. रेघ आधी झपझप चढते, मग आडवी होते, काही वेळ तशीच राहते, आणि मग पुन्हा चढायला लागते. जिवाणू आधी ग्लुकोज संपवतात. ते संपलं, की थांबतात. आणि मग लॅक्टोजला हात लावतात. मोनोने या दुहेरी वाढीला 'डायऑक्सी' असं नाव दिलं.

मधली ती आडवी रेघ त्याला सुचू देईना. त्याने आलेख आंद्रे ल्वॉफ या ज्येष्ठ शास्त्रज्ञाला दाखवला. ल्वॉफ म्हणाले, याचा संबंध विकरांच्या अनुकूलनाशी असावा. मोनोला ही भानगड ठाऊकच नव्हती. पण पुढची वीस वर्षं तो त्याच एका आडव्या रेघेमागे राहिला. मध्ये महायुद्ध झालं, त्यात तो जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीत उतरला. युद्धानंतर पाश्चर संस्थेत त्याला पुढे एक जोडीदार मिळाला, फ्रान्स्वा झाकोब. झाकोबला व्हायचं होतं शल्यविशारद. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या लढाईत तो इतका जखमी झाला, की शस्त्रक्रिया करणं त्याला शक्यच उरलं नाही. संशोधनाकडे तो वळला तेव्हा तीस वर्षांचा होता, आणि ल्वॉफ यांनी त्याला आधी अनेकदा परत पाठवलं होतं. १९६१ मध्ये या दोघांचा जो लेख आला, त्याने जीवशास्त्राची दिशा बदलली. १९६५ चं नोबेल ल्वॉफ, मोनो आणि झाकोब अशा तिघांना मिळून मिळालं.

त्यांनी दाखवलं ते थोडक्यात असं. लॅक्टोज फोडायला एक खास विकर लागतं. विकर म्हणजे प्रथिनच. ते कसं बनवायचं याची कृती जिवाणूच्या डीएनएमध्ये लिहिलेली असते, पण त्या पानावर एक पहारेकरी प्रथिन बसलेलं असतं. जोवर लॅक्टोज नाही, तोवर पहारेकरी हलत नाही. पेशीत या विकराचे मोजून चार-पाच रेणू असतात, तेही अधूनमधून पहाऱ्याला डुलकी लागते म्हणून. लॅक्टोज आत आलं, की त्याचंच एक रूप पहारेकऱ्याला चिकटतं आणि तो पानावरून उठतो. मग त्याच विकराचे हजारो रेणू बनतात. शिवाय दुसरं एक कुलूप आहे. ग्लुकोज मिळत असेपर्यंत पेशी लॅक्टोजला आत फारसं येऊच देत नाही. घरात गरम पोळी असताना कुणी जात्यावर दळायला बसत नाही, तसंच हे.

इथे कुणी विचारेल, की बाई, सगळी विकरं आधीच बनवून ठेवली तर थांबायची वेळच येणार नाही! प्रश्न रास्त आहे. माझ्या वर्गात दर वर्षी कुणीतरी विचारतं. उत्तर आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे: महिन्याचा पगार. पाणी सोडलं तर या पेशीच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. कृती चार हजारांवर, पण बनवण्याची ताकद ठरलेली. किराणा वाढला की कपडे कमी होतात. एका प्रथिनाचा वाटा वाढला की दुसऱ्या कुणाचा तरी घटतो. न लागणारं विकर बनवत बसलेला जिवाणू शेजाऱ्यापेक्षा सावकाश वाढतो, आणि त्यांच्या जगात सावकाश वाढणारा लवकरच दिसेनासा होतो.

या खर्चात सर्वांत मोठा वाटा कुणाचा, तर प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा. त्या यंत्राचं नाव रायबोसोम. नववीच्या पुस्तकात पेशीच्या आकृतीत ते ठिपके काढायला सांगायचे आणि आपण पेन्सिलीने टकटक करून कागदाला भोकं पाडायचो, आठवतंय? तेच ते ठिपके. रडतखडत वाढणाऱ्या, म्हणजे दुप्पट व्हायला शंभर मिनिटं घेणाऱ्या ई. कोलायच्या पेशीत ते सात हजारांच्या आसपास असतात. वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होणाऱ्या पेशीत सत्तर हजारांच्या घरात. तेव्हा पेशीतल्या एकूण प्रथिनांचा पाचवा हिस्सा, किंवा त्याहूनही अधिक, या यंत्रांतच गुंतलेला असतो. २०१० मध्ये मॅथ्यू स्कॉट, टेरेन्स ह्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की वाढीचा वेग आणि रायबोसोमचा वाटा यांचं नातं जवळजवळ सरळ रेषेचं आहे. अन्न कोणतं आहे याला फारसं महत्त्व नाही. त्या अन्नावर किती वेगाने वाढता येतं, त्यावर वाटा ठरतो.

आता या यंत्राची एक गंमत. रायबोसोम सगळी प्रथिनं बनवतो, म्हणजे दुसऱ्या रायबोसोमची प्रथिनंही त्यालाच बनवावी लागतात. एका रायबोसोमच्या प्रथिनांत मिळून सात हजारांहून अधिक अमिनो आम्लं असतात. यंत्राचा वेग फार तर सेकंदाला वीस. हिशेब करा. सगळं बाजूला ठेवून एका रायबोसोमने फक्त दुसऱ्याचीच प्रथिनं बनवली, तरी सहा मिनिटं लागतात. कितीही घाई करा, त्याच्या खाली येता येत नाही. आणि प्रत्यक्षात सगळं बाजूला ठेवता येत नसतंच.

अन्न एकाएकी तुटलं तर काय होतं, तेही बघा. अमिनो आम्लांची ने-आण करणारे हमाल रिकाम्या हाताने रायबोसोमपाशी येऊ लागतात. ही गोष्ट लगेच टिपली जाते आणि काही सेकंदांत पेशीत एका छोट्या रेणूचं प्रमाण वाढतं. १९६९ मध्ये मायकेल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट यांना तो कागदावर एक अनपेक्षित डाग म्हणून दिसला, म्हणून त्याला 'मॅजिक स्पॉट' म्हणत. हा रेणू वाढला, की नवे रायबोसोम बनवणं थांबतं. जे आहेत त्यांतले काही जोडीजोडीने झोपवून ठेवले जातात. मोडले जात नाहीत, बंद करून ठेवले जातात. चांगले दिवस आले, की त्यांना उठवता येतं.

आणि चांगले दिवस आले तर? १९५८ मध्ये कोपनहेगनला ओले मालोए, मोसेलिओ शॅक्टर आणि नील्स केल्गोर यांनी हे मोजलं. जिवाणू साल्मोनेला. तो साध्या, निकृष्ट अन्नावर सावकाश वाढत होता. त्याला एकदम पौष्टिक अन्न दिलं. सगळ्यांत आधी काय वाढलं? ज्या आरएनएचे मुख्यतः रायबोसोम बनतात, ते आरएनए. तेही जवळजवळ लगेच. त्यापाठोपाठ पेशीचं वजन. मग डीएनए बनवण्याचा वेग. आणि सगळ्यांत शेवटी, तासाभराहून अधिक वेळाने, पेशी विभागण्याचा वेग. म्हणजे तुम्ही बाहेर बसून फक्त पेशींची संख्या मोजत असाल, तर तासभर तुम्ही हेच लिहाल: 'अन्न दिलं, उपयोग शून्य.' आत मात्र पहिल्या मिनिटापासून काम सुरू झालेलं असतं. जिवाणूने मिळालेली पहिली कमाई यंत्रांत घातलेली असते.

आणखी एकच शोध सांगते आणि मग शाळेकडे वळते. २०२० मध्ये मार्कुस बासान, टेरेन्स ह्वा आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायवर एक गोष्ट पद्धतशीर दाखवली. ग्लुकोजसारख्या अन्नावरून जिवाणूंना अ‍ॅसिटेटसारख्या उलट्या वाटेच्या अन्नावर आणलं, तर त्यांना पुन्हा वाढू लागायला कधीकधी कित्येक तास लागतात. आणि आधीच्या अन्नावर जे जितके वेगाने वाढत होते, त्यांना नव्या अन्नावर तितकं जास्त थांबावं लागतं. जो जुन्या वर्गात पहिला, तो नव्या वर्गात सर्वांत उशिरा सुरू होतो, म्हणा ना. कारण त्याने आपली सगळी मांडणी त्या एका अन्नासाठी केलेली असते. शिवाय इथे पंचाईत दुहेरी असते. नवं अन्न वापरायला नवी विकरं हवीत. नवी विकरं बनवायला कच्चा माल आणि शक्ती हवी. आणि ती मिळणार नव्या अन्नातूनच. अशा वेळी बाहेरून थोडी तयार अमिनो आम्लं मिळाली, तर थांबा बराच आखूड होतो.

आता आम्ही दोघी.

आमच्या बाकावर मी आणि माझी मैत्रीण. तिचं नाव घेत नाही, ती समोर बसली आहे आणि माझ्या तुकडीतल्या सगळ्यांना ते माहीत आहे. हे सांगायला मी तिची परवानगी घेतली आहे. परवा फोनवर म्हणाली, "सांग, पण माइकवर रडू नकोस." पाचवीपासून दहावीपर्यंत वर्गात पहिली ती. मी चौथी, कधी सहावी. गणित तिने तोंडी सोडवायचं आणि मी ते वहीत उतरवायचं. दहावीला ती केंद्रात पहिली आली. आम्ही दोघी अकरावी सायन्सला पुण्याला गेलो. एकच वसतिगृह, एकच खोली.

आपलं सगळं विज्ञान मराठीत झालेलं. बाईंनी ते इतकं पक्कं करून घेतलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं तरी आम्ही केशाकर्षणाची व्याख्या सांगितली असती. तिथे पहिल्याच तासाला सर भराभर इंग्रजीतून सांगू लागले. 'अ‍ॅक्सिलरेशन' म्हटल्यावर मला काकांच्या स्कूटरची मूठ आठवली. ते म्हणजे आपलं त्वरण, हे कळायला मला आठवडा लागला. प्रकाशसंश्लेषण, संप्रेरक, द्रव्यमान, सगळं आम्हाला येत होतं. पण वर्गात जे वाढलं जात होतं ते आमच्याच ओळखीचं आहे, हेच समजत नव्हतं. रात्री आम्ही दोघी वहीच्या मागे दोन रकाने करून शब्द लिहायचो. वर्गातल्या मुलांचं दहावं प्रकरण चालू असायचं, आमचं शब्दांचं पाचवं पान.

सहामाहीचा निकाल लागला. भौतिकशास्त्रात मला १०० पैकी २७. तिला ३१. म्हणजे तिथेही ती माझ्या पुढेच होती!

माझे वडील एसटीत वाहक होते. निकालपत्र घेऊन मी दिवाळीत घरी गेले. नातेवाईक म्हणाले, मुलीला परत आणा, इथे डी. एड. करू दे, नाहीतर स्थळं बघा. वडिलांनी निकालपत्र दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. म्हणाले, "वार्षिक परीक्षा होईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही." एवढंच. त्यांना विज्ञान येत नव्हतं. त्यांनी फक्त झाकण उघडलं नाही.

तिच्या घरची परिस्थिती आमच्याहून ओढग्रस्तीची. तिची फी आणि वसतिगृहाचे पैसे एका धर्मादाय निधीतून यायचे. निधीची अट होती: सहामाहीत ५० टक्के. तिचे भरले ४१. दिवाळीनंतर पत्र आलं, की नियमानुसार साहाय्य बंद करण्यात येत आहे. पत्र सभ्य होतं, पुढील वाटचालीस शुभेच्छाही होत्या. कुणाचा दुष्टपणा नव्हता. नोव्हेंबरच्या शेवटी तिने ट्रंक भरली. शब्दांची वही माझ्याकडे ठेवून गेली. म्हणाली, "तुला लागेल."

फेब्रुवारीत, साधारण महिन्याभराच्या आतच, माझ्या डोक्यात काहीतरी जुळलं. सरांचं इंग्रजी कानाला कळायला लागलं, आणि त्याच्या खाली आपल्या बाईंचं सगळं मराठी विज्ञान जसंच्या तसं शाबूत होतं. वार्षिक परीक्षेत मला भौतिकशास्त्रात ६४ मिळाले. वापरली होती ती तिची वही.

तिचं आयुष्य वाया गेलं असं मी म्हणत नाही, आणि ती मला म्हणू देणारही नाही. ती बाजारपेठेत बी-बियाणांचं दुकान चालवते. पेरणीच्या दिवसांत तिच्या दुकानासमोर रांग असते आणि कॅल्क्युलेटरवाल्या मुलाच्या आधी हिशेब तिचा तोंडी झालेला असतो. पण चार वर्षांपूर्वी एकदा बोलता बोलता ती मला म्हणाली, "मला इतकी वर्षं वाटत होतं, मीच मठ्ठ निघाले. गावात पहिली येणं निराळं आणि खरी हुशारी निराळी." माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. मी आयुष्यभर त्या आडव्या रेघेचा अभ्यास केला, शंभर वेळा फळ्यावर ती काढली, आणि जिला ती सगळ्यांत आधी समजावून सांगायला हवी होती, तिला मी कधी सांगितलीच नाही.

त्या संध्याकाळी दुकानाच्या पावतीपुस्तकामागे मी तिला मोनोचा आलेख काढून दाखवला. तिने तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "या आडव्या भागात बघणाऱ्याला कसं कळतं, की हे पुढे वाढणार की मेलं?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न विचारायला माझ्या एम. एस्सी.च्या मुलांना दोन वर्षं लागतात. उत्तर असं, की नुसता गढूळपणा मोजून कळत नाही. पुढे वाढणारी पेशी आणि कधीच न वाढणारी पेशी त्या वेळी अगदी सारख्या दिसतात. कळायचं असेल तर आत बघावं लागतं: आरएनए बनतंय का, नवं विकर तयार होतंय का. आणि हेही प्रामाणिकपणे सांगते, की सगळ्या पेशी पुन्हा वाढू लागतातच असं नाही. काही खरोखरच थांबतात. पण आडव्या रेघेवर बोट ठेवून यातला कोण कोणता, हे कुणालाही सांगता येत नाही.

माणूस म्हणजे जिवाणू नव्हे, हे मला माहीत आहे. जिवाणू काही 'ठरवत' नाही. मी बोलण्याच्या ओघात तसं म्हटलं, पण तिथे रेणू रेणूंना चिकटतात आणि सुटतात, इतकंच. दोन गोष्टी एकमेकींवर चढवून मी काही सिद्ध करत नाहीये. शिवाय एक मोठा फरक आहे. जिवाणूसाठी थांबणारं कुणी नसतं. माणसासाठी असू शकतं. माझ्यासाठी होतं. आमच्या दोघींत तेवढाच फरक होता, आणि गुण तर तिचे जास्त होते.

आता पर्समधला कागद.

आपल्या संघाने नवी शिष्यवृत्ती सुरू करायचं ठरवलं आहे. दर वर्षी दहावीनंतर बाहेरगावी विज्ञान शाखेला जाणाऱ्या पाच मुलांचा सगळा खर्च. कल्पना उत्तम आहे. मुंबई-पुण्याच्या आणि परदेशातल्या आपल्या मित्रांनी सढळ हाताने पैसे दिले आहेत, त्यांचं मनापासून कौतुक. मसुदा मला पाठवला, तो मी दोनदा वाचला. कलम ४ असं आहे: 'विद्यार्थ्यास अकरावीच्या सहामाही परीक्षेत ६० टक्क्यांपेक्षा कमी गुण मिळाल्यास साहाय्य बंद करण्यात येईल.'

ज्यांनी हे लिहिलं त्यांचा हेतू मला समजतो. लोकांचा पैसा आहे, तो वाया जाऊ नये. पण सहामाही म्हणजे बरोबर ती आडवी रेघ. आपण नेमके तिथे मोजायला जाणार आहोत. आता शाळेत सेमी-इंग्रजी आलं आहे, शब्दांची अडचण थोडी कमी झाली असेल. पण गाव सुटणं, खोलीत एकटं राहणं, दीडशे मुलांच्या वर्गात हात वर करायची भीती, शिकवण्या लावलेल्या मुलांमध्ये आपण मागे आहोत असं रोज वाटणं, हे सगळं तसंच आहे. आणि आपण तर निवडून सर्वांत हुशार पाच मुलं पाठवणार. म्हणजे इथल्या मातीत सर्वांत जोमाने वाढलेली. त्यांचाच थांबा लांब असण्याची शक्यता आहे.

माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, अकरावीचं पूर्ण वर्ष गुणांची अट नको. अट ठेवायची तर हजेरीची ठेवा, आणि संघातल्या कुणीतरी महिन्यातून एकदा त्या मुलाशी किंवा मुलीशी बोलायचं. 'किती मार्क पडले' हे न विचारता 'सध्या काय समजत नाही' हे विचारायचं. आत बघायचं ते एवढंच. दुसरी, दर मे महिन्यात याच इमारतीत तीन आठवड्यांचा वर्ग घ्यायचा. अकरावीचं भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित यांतले शब्द दोन रकान्यांत, मराठी आणि इंग्रजी शेजारीशेजारी. तयार अमिनो आम्लं म्हणा. जीवशास्त्राचे तास मी घेईन, जाण्यायेण्याचं भाडं संघाकडे मागणार नाही. अभ्यासक्रम तयार करायची गरज नाही. ती वही माझ्याकडे अजून आहे, कव्हर गेलं आहे, बाकी सगळी पानं शाबूत आहेत.

आणि निधीचा हिशेब ठेवायला माझी मैत्रीण तयार आहे. तिची एकच अट आहे. कुणाला साहाय्य बंद करायची वेळ आली, तर पत्र पाठवायचं नाही. समोर बसून बोलायचं. आणि बारावी झाल्याशिवाय ती वेळ आणायची नाही.

कार्यकारिणीची बैठक जेवणानंतर ग्रंथालयात आहे. कलम ४ तिथे विचारार्थ घ्यावं, ही माझी नम्र विनंती. तिथे मी वेळेवर येईन.